दुमडलेली पानं

१६ नोव्हेंबर

वहिनी,

फोनवर आपण दोघी नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसतो, त्यापेक्षा पत्र लिहीत जा, असं म्हणून तू मागच्या रविवारी फोन ठेवलास. मला ते पटलं. आज दुकानातून रेघांचे कागद आणले. पोस्टाला आठ-दहा दिवस लागतात म्हणे. लागू देत. दादा असता तर म्हणाला असता, घाई नाही.

तो जाऊन पाच आठवडे होऊन गेले. तू येऊ नकोस म्हणालीस आणि मी आले नाही. ते बरोबर झालं की चूक, हे ठरवायला मी अजून बसलेलीच नाही. सकाळी उठते, शिकाऊ म्हणून रुग्णालयात जाते, लोकांचे गुडघे वाकवते आणि विचारते, दुखतं का, कुठे दुखतं, एक ते दहामध्ये किती. मला कुणी विचारलं तर आकडा सांगता येणार नाही. दुखत नाही असं नाही. हात लावला तरी कळत नाही, इतकंच.

खोली ठीक आहे. खिडकीखाली लोखंडी हीटर आहे, तो दर वीस मिनिटांनी खाकरतो. स्वयंपाकघर सहा जणांत एक. फ्रिजमधला मधला कप्पा माझा, त्यावर माझ्या खोलीचा नंबर चिकटवलाय. त्यात सध्या अर्धा लिंबू आहे.

दुपारी शिकतेस तरी काय, असं तू विचारलं होतंस. बाहेरच्या देशांतून आलेल्या सगळ्यांना एक लेखनाचा वर्ग सक्तीचा आहे. इंग्रजीत निबंध कसा लिहायचा, मुद्दा कसा मांडायचा, त्याला पुरावा कुठून आणायचा, दुसऱ्याचं म्हणणं वापरलं तर त्याचं नाव कसं घालायचं. सात वर्षं मी लोकांच्या आखडलेल्या माना सोडवल्या, पण इंग्रजीत एक पान सरळ लिहायचं म्हटलं की माझीच मान आखडते. माझ्या शेजारी एक जमीन मोजणारा बसतो. तो प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर बोटाने मोजतो, लांब झालं तर खोडतो.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आहेत, बुटक्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. त्यांचा एक नियम आहे. प्रत्येकाने वही ठेवायची. सोमवार ते शुक्रवार रोज दहा मिनिटं, रोज एक पान. घड्याळ लावायचं आणि लिहीत सुटायचं, पेन उचलायचं नाही. काही सुचलं नाही तर 'काही सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. जे दिसेल, जे कानावर पडेल ते उतरवायचं. शुक्रवारी बाई वह्या घेतात, सोमवारी परत देतात. चुका काढत नाहीत. पानाखाली फक्त एक प्रश्न लिहितात. आणि एखादं पान आपलं खासगी असेल तर ते मधोमध उभं दुमडायचं. दुमडलेलं पान बाई उघडत नाहीत. त्यावर नुसती खूण करतात आणि ते भरलं असं धरतात.

माझी वही दर शुक्रवारी वेळेवर जाते. एकदाही चुकली नाही.

तू दुकान उघडलंस का? जेवतेस का वेळेवर?

तुझी,
नणंद


३० नोव्हेंबर

शेपूट,

हे तुझ्या भावाने ठेवलेलं नाव. सगळीकडे त्याच्या मागे मागे असायचीस म्हणून. तुला आता या नावाने हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून मी मारते. चालवून घे.

दुकान उघडते. सकाळी फळी वर करते, संध्याकाळी खाली करते. मधे लोक येतात. पँटी आखूड करून देते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. नवीन कपडा घेत नाही. माझी कापायची मोठी कात्री सापडत नाही आणि छोट्या कात्रीने बेतायचं म्हणजे चमच्याने विहीर खणायची. दाताच्या डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं करडं कापड टेबलावर पसरलेलं आहे, खडूने आखून ठेवलेलं, तेव्हापासून तसंच. त्या दोनदा येऊन गेल्या. कापड परत घेऊन जा म्हटलं तर नाही म्हणाल्या. मी कापडावरून धूळ तेवढी झटकते.

लोक अजून येतात. प्रत्येकाकडे तुझ्या भावाच्या लिफ्टदुरुस्तीची एक गोष्ट असते. परवा एक आजीबाई आल्या. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे अडकल्या होत्या म्हणे, पाऊण तास. आणि बाहेरून ह्याचा आवाज आला, 'घाई नाही, मी आलोय.' आजीबाई म्हणाल्या, 'मी आतून ओरडले, तुला नसेल रे मेल्या, मला आहे.' सगळे हसले. मीही हसले बहुतेक. गल्लीत त्याला 'निवांत' म्हणायचे ते तुला माहीतच आहे. आता म्हणतात, निवांत गेला. गुरुवारी सकाळी पहिल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होता, एक बांधली आणि दुसरी राहिली. मी आतून 'डबा राहिला' म्हणून सांगायला आले, एवढंच. डॉक्टर म्हणाले हृदय. आता हृदय नाही तर काय असणार.

तू खोलीचं लिहिलंस, हीटरचं लिहिलंस, जमीन मोजणाऱ्याचं लिहिलंस. बरं वाटलं वाचून. पण एक विचारायचं आहे. त्याचा मोबाइल मी काल पहिल्यांदा उघडला. बुधवारी संध्याकाळी, म्हणजे आदल्या दिवशी, त्याने तुला फोन लावला होता. चौदा मिनिटं. तो माझ्याशी सलग चौदा मिनिटं बोलल्याचं मला आठवत नाही.

काय म्हणाला तो? माझ्याबद्दल काही म्हणाला का? जसं म्हणाला तसं लिही.

वहिनी


९ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. आज लगेच लिहिते आहे.

दादा त्या दिवशी छान बोलला. नेहमीचंच सगळं. हवा कशी आहे, अभ्यास कसा चाललाय. तुझ्याबद्दल म्हणाला, तुझी वहिनी फार गुणाची आहे, तिच्यामुळे या घराला घरपण आहे, तिच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. असंच बरंच काही. अगदी मनापासून बोलत होता. त्याच्या आवाजात समाधान होतं. तू मनात काही ठेवू नकोस.

इकडे परीक्षा संपल्या, आता दोन आठवडे सुट्टी. सगळे कुठे कुठे गेले, स्वयंपाकघरात मी एकटी. बाकीचे पाच कप्पे रिकामे झाल्यावर फ्रिज जास्त मोठ्याने वाजतो.

शुक्रवारी वही दिली. बाईंनी सोमवारी एका दुमडलेल्या पानाच्या पाठीवर लिहून दिलं होतं, 'या वहीचा तुला उपयोग होतो आहे, याचा मला आनंद वाटतो.'

काळजी घे. कात्री मिळाली का?

शेपूट


२२ डिसेंबर

शेपूट,

खोटं बोलायचं तर माप घेऊन बोलावं. हे अंगात बसत नाही.

तुझ्या भावाने सोळा वर्षांत मला 'गुणाची' म्हटलेलं नाही. 'घरपण' हा शब्द त्याला ठाऊक असेल असंही मला वाटत नाही. तो मला 'टेलरमास्तर' म्हणायचा. खूश असला की 'टेलरमास्तर, चहा घेणार का', आणि रागावला की 'बरं, टेलरमास्तर' एवढंच, आणि मग गप्प. तू जे लिहिलंस ते लग्नाच्या पत्रिकेवर छापतात तसलं आहे.

म्हणजे तो काहीतरी वेगळं म्हणाला आणि तू ते माझ्यापासून लपवते आहेस. तू सगळी पानं दुमडतेस हेही मला कळलं. पहिल्या पत्रात एखादं म्हणालीस, आता बाई दुमडलेल्या पानांवर लिहून देतात. त्या पानांत काय आहे, शेपूट? त्याचं बोलणं त्यांत लिहून ठेवलं आहेस का?

तुला मी का विचारते ते सांगते. कुणाला सांगितलं नाही.

तो गेला त्या आठवड्यात मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंचा कोट आखला. इस्त्री बिघडली होती, म्हणून तुझा भाऊ तिची वायर बदलायला बसला. माझ्यासाठीच. मी आत पाणी प्यायला गेले आणि बाहेर आले तर त्याच्या हातात माझी कात्री. त्या कात्रीने त्याने वायर कापली होती. तांब्याची. ती कात्री माझ्या उस्तादांनी त्यांचं दुकान बंद केलं तेव्हा मला दिली. तिने मी कधी कागदसुद्धा कापला नाही. पात्याला खाच पडली होती, बोट फिरवलं तर लागत होती. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हणाले, तुझ्या हाताखाली कुठली गोष्ट धड राहिली आहे? लिफ्ट उघडायची आणि बंद करायची, एवढीच तुझी अक्कल. तो म्हणाला, 'बरं, टेलरमास्तर.'

बुधवारी सकाळी खिळ्यावर कात्री नव्हती. मी विचारलं नाही. तो बोलला नाही. रात्री जेवलो, पण घरात फक्त भांडी बोलत होती. मला वाटलं, रागाने फेकून दिली असेल. मनात म्हटलं, फेकू दे, बघते किती दिवस गप्प बसतो. आणि गुरुवारी हे असं.

मी सगळं घर शोधलं. त्याची हत्यारांची पेटी उपसली. कात्री नाही.

मला एवढंच कळायला हवं आहे की तो माझ्यावर रागावून गेला का. असेल तर असेल. मी काही मोडून पडणार नाही, त्यासाठीसुद्धा अंगात काहीतरी लागतं. पण तू मला साखर लावून देऊ नकोस.

वहिनी


२५ जानेवारी

वहिनी,

महिना झाला. तुझं पत्र मी टेबलावर ठेवलं होतं, रोज त्याच्यावर चहाचा कप ठेवत होते. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. मधे मी दोन पत्रं लिहिली आणि फाडली. आता जे झालं ते लिहिते.

दादाचा फोन आला तेव्हा मी वहीचं पान लिहायला बसले होते. दहा मिनिटं लावली होती. पेन उचलायचं नाही असा नियम. मला वाटलं, दादाचं काय, तो निवांत बोलतो, मी ऐकता ऐकता लिहीन. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तो बोलत होता आणि मी मधे मधे 'हं' म्हणत होते. दहा मिनिटं संपल्यावर पान संपलं, मग उद्याच्या कामाची यादी केली, तेव्हाही हं म्हणत होते. त्याने 'ठेवतो' म्हटलं, मी 'हं' म्हटलं.

तो काय बोलला ते मला आठवत नाही, वहिनी. लपवत नाही. खरंच आठवत नाही. तो एकदा हसला होता, एवढं आठवतं. कशावर, ते नाही.

गुरुवारी तुझा फोन आला. शुक्रवारी वही द्यायची होती. बुधवारचं पान उघडं ठेवायची माझी हिंमत झाली नाही, कारण ते लिहिताना त्याचा आवाज खोलीत होता. मी ते न वाचता दुमडलं. माझं पहिलं दुमडलेलं पान ते. आणि त्यानंतर मला काही लिहिताच येईना. 'काही सुचत नाही' हेसुद्धा येईना. मी घड्याळ लावायचे, दहा मिनिटं पानाकडे बघायचे आणि कोरं पान दुमडायचे. बाई उघडत नाहीत हे मला माहीत होतं. त्यांनी खुणा केल्या. आज मोजली, अडुसष्ट पानं आहेत. सगळी कोरी. तुला वाटलं मी त्यांत काहीतरी जपून ठेवलं आहे. त्यांत काहीच नाही.

बुधवारचं पान अजून तसंच दुमडलेलं आहे. जे कानावर पडेल ते उतरवायचं असा बाईंचा नियम आहे, त्यामुळे त्याचं एखादं वाक्य त्यात असेलही. नसेलही. उघडलं आणि त्यात फक्त हीटर असला, तर मग सगळं संपलं. दुमडलेलं आहे तोवर ते तिथे आहे, असं वाटतं. मला हे लिहिताना लाज वाटते, म्हणजे वाटायला हवी.

आता वहीतलंच एक पान निवडून त्याचा मोठा निबंध करायचा आहे. त्या बुधवारच्या आधीच्या थोड्या पानांत हवेखेरीज काही नाही, म्हणजे माझ्याकडे निवडायला काही नाही. बाईंना सांगावं लागेल.

तू मला काय म्हणायचं ते म्हण.

शेपूट


६ फेब्रुवारी

शेपूट,

चौदा मिनिटं माझा नवरा बोलत होता आणि तू हं म्हणत होतीस.

पत्र वाचलं. मग चार पँटींना इस्त्री केली. मग परत वाचलं. तुला फाडून खावं असं वाटायला हवं होतं, पण मी शांतपणे क्रीझ पाडत होते. नंतर आठवलं, तो बोलायचा तेव्हा मीही मशीन थांबवायची नाही. सोळा वर्षं मीही हंच म्हणत होते, पाय चालवता चालवता.

पान उघड. तुझ्यासाठी नको, माझ्यासाठी उघड. नुसता हीटर निघाला तर हीटर लिहून पाठव.

एक अट आहे. सुधारून लिहू नकोस. बाई चुका काढत नाहीत, मीही काढणार नाही. जसं आहे तसं आपल्या भाषेत उतरव, वेडंवाकडं असलं तरी.

वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

आधी बाईंना सांगितलं. मला वाटलं होतं त्या पाठीवरून हात फिरवतील. फिरवला नाही. त्यांनी चष्मा लावला आणि वहीतली दुमडलेली पानं एकेक करून उघडली. अडुसष्टच्या अडुसष्ट. मी समोर उभी. त्यांचं तोंड उतरत गेलं. म्हणाल्या, 'वीस वर्षं मी हा नियम पाळते आहे. आजवर मला कुणी कोरं पान दुमडून दिलेलं नाही.' मला भाऊ गेल्याचं सांगायचं होतं, ते सांगून झालं तरी त्यांनी नियम सोडला नाही. म्हणाल्या, 'मार्चअखेरपर्यंत ही सगळी पानं भरून दे. प्रत्येकाला दहा मिनिटं. नाही दिलीस तर मी तुला पास करू शकणार नाही, आणि तुला पुढच्या वर्गात बसता येणार नाही.'

मी वही घेतली. दारापर्यंत गेले तेव्हा त्या म्हणाल्या, 'दुमडलेलं पहिलं पान मी उघडलं नाही. त्यात शाई आहे, मागून दिसते. ते तुझं तू बघ.'

खोलीवर येऊन कोट न काढताच बसले. दुमडलेल्या जागी कागद पिवळसर झालाय. उघडलं. आता जसं आहे तसं लिहिते. माझं इंग्रजी तेव्हा इतकंच होतं, त्यामुळे लहान मुलाने लिहिल्यासारखं वाटेल.

'आज बुधवार आहे. मी माझ्या खोलीत बसले आहे. माझं पेन निळं आहे. माझा भाऊ फोनमध्ये बोलत आहे. तो म्हणतो रुग्णालयाची लिफ्ट आज दोन वेळा थांबली. काही सुचत नाही. काही सुचत नाही. हीटर आवाज करत आहे. माझा भाऊ म्हणतो मी गाढव आहे. मी हं म्हणते. त्याने वायर कापली. ज्याने कापली ते कापडासाठी होतं. तो म्हणतो ती ओरडली ते बरोबर आहे. तो म्हणतो मी असतो तर मीपण ओरडलो असतो. शुक्रवारी माझी वही द्यायची आहे. काही सुचत नाही. जुन्या थिएटरच्या मागे एक माणूस धार लावतो. कात्री त्याच्याजवळ आहे. आठ दिवस लागतात कारण त्याचा दगड नवीन येणार आहे. माझा भाऊ म्हणतो तिला सांगू नको. तो म्हणतो आठ दिवस मी पण गप्प बसणार, नाहीतर माझ्या तोंडून निघून जाईल. तो म्हणतो तिचं तोंड बघण्यासारखं होईल. तो हसत आहे. खिडकीच्या बाहेर एक माणूस सायकल पुसत आहे. माझा भाऊ विचारतो तू जेवलीस का. मी हं म्हणते. मी जेवले नाही. दहा मिनिटं झाली.'

एवढंच आहे. पान इथे संपतं. मी त्यात एक शब्द घातला नाही, एक काढला नाही.

वाचून झाल्यावर कोट काढला. मग घड्याळ लावलं आणि पहिलं कोरं पान घेतलं. 'काही सुचत नाही' असं चार ओळी लिहिलं. पाचव्या ओळीत लिहिलं, माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. मग दहा मिनिटं पेन उचललं नाही. अजून सदुसष्ट पानं आहेत.

तू जाशील ना तिथे? चार महिने होऊन गेले. त्याने ठेवली असेल का?

शेपूट


१ मार्च

शेपूट,

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. दुकानात एक बाई बटण लावून घ्यायला बसली होती. मी पत्र वाचलं, बटण लावलं, तिला बाहेर काढलं, फळी खाली ओढली आणि निघाले. भर दुपारी फळी खाली बघून शेजारच्या घड्याळवाल्याने विचारलं, 'काय झालं?' म्हटलं, 'काही नाही, कात्री आणायची आहे.' तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

जुन्या थिएटरच्या मागे मी कधी गेले नव्हते. बोळ आहे, एक माणूस जेमतेम जाईल एवढा. धारवाला म्हातारा आहे, ऐकू कमी येतं. मी दोनदा सांगितलं, लिफ्टवाल्याने दिलेली, दहा इंची, कापडाची. त्याने भिंतीकडे बोट केलं. भिंतीला खिळेच खिळे, आणि एका खिळ्यावर तुझ्या भावाच्या जुन्या निळ्या शर्टाच्या बाहीत गुंडाळलेली माझी कात्री. बाहीला सुतळी बांधलेली, सुतळीला चिठ्ठी. म्हातारा म्हणाला, 'प्रत्येकाकडून मी चिठ्ठी लिहून घेतो, कुणाची आणि कधी पाहिजे. पत्ता घ्यायचं सुचलं नाही. तीन-चार वेळा वाटलं, हा माणूस आला कसा नाही. पण त्यानेच असं लिहून ठेवलं होतं, मग मीही थांबलो.'

चिठ्ठीवर त्याचं अक्षर. 'टेलरमास्तर यांची आहे. जपून. घाई नाही.'

मी म्हाताऱ्याला सांगितलं की तो गेला. त्याला ऐकू आलं नाही. म्हणाला, 'धार बघून घ्या.' मी अंगठा फिरवला. खाच नव्हती.

माझं तोंड बघण्यासारखं झालं का ते मला माहीत नाही. बघणारा नव्हता.

घरी आले आणि डॉक्टरीणबाईंचा कोट कापला. खडू पुसट झाला होता, पण हाताला माहीत होतं. पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले, बाह्या कापल्या. कात्री सरसर जात होती. तो आवाज पाच महिने घरात नव्हता, हे तेव्हा कळलं. तू विचारशील, रडू आलं का. नाही आलं. भूक लागली. इतकी लागली की कॉलर तशीच ठेवून उठावं लागलं. उभ्याउभ्याच जेवले, पातेल्यातून. शेवटचं असं कधी जेवले होते ते आठवत नाही.

चौदा मिनिटांचा राग माझ्या पोटात आहे. थोडा राहील, मग जाईल. तो माझा मी बघेन, तू त्याच्यासाठी कोरी पानं दुमडत बसू नकोस. ती सदुसष्ट भर. त्यांत तुझा भाऊ असला तर बाईंना वाचू दे. आजीबाईंची लिफ्ट घाल, ती चांगली आहे.

चिठ्ठी मी तुला पाठवणार होते. मग वाटलं, नको. ती खिळ्यावर लावली आहे, कात्रीच्या मागे. कात्री काढली की दिसते, लावली की झाकते.

आता तो विचारायचा ते मी विचारते. फ्रिजमध्ये तुझ्या कप्प्यात अर्ध्या लिंबाशिवाय काय आहे? जेवलीस का? नुसतं हं म्हणू नकोस.

वहिनी